दुधीचा रस, कच्चा राजमा आणि ‘21 दिवसांत औषधमुक्ती’

सध्या फिरणाऱ्या त्या लांबलचक मेसेजचा सारांश असा: आग लागली की अन्न मरतं, म्हणून दूध-तूप सोडा आणि गॅसही बंद करा. सकाळी अनशापोटी दुधी-कारल्याचा रस घ्या. दिवसभर मोड आलेली कडधान्यं कच्ची खा, ‘राजमासुद्धा!’. बी12ची चिंता नको, ते न धुतलेल्या भाजीतून आणि स्पिरुलिना नावाच्या शेवाळातून मिळतं. 21 दिवसांत मधुमेहाच्या गोळ्या बंद. खाली हात जोडलेले इमोजी. एरवी सोडून दिलं असतं, पण मेसेज मावशीपर्यंत पोचला आणि तिने राजमा भिजत घालून गोळ्यांची पट्टी बाजूला ठेवली. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी एक गुंता सोडवू. दूध, अंडी, मांस न खाणं हा एक निर्णय आणि अन्न न शिजवणं हा निराळाच निर्णय. भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, दाण्याची चटणी हे सगळं व्हीगनच आहे आणि चुलीवरून उतरलेलं आहे. मेसेजने दोन्हींची मोट बांधलीय, आणि त्यातला जिवावर बेतणारा भाग बहुतेक सगळा ‘कच्चं खा’ यातून येतो.

सगळ्यात वाईट सल्ला रसाचा. दुधी, काकडी, कारलं एकाच कुळातले. या कुळातल्या झाडांत कुकुर्बिटासिन नावाची कडू, विषारी द्रव्यं असतात. लागवडीच्या दुधीत ती नगण्य असतात, पण पाण्याचा ताण, कडक ऊन, जून झालेलं फळ अशा कारणांनी एखाद्या दुधीत भरमसाट वाढतात. बाहेरून तो दुधी इतरांसारखाच दिसतो. 2010 साली दिल्लीत दुधी-कारल्याचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. तिचा अहवाल 2012 मध्ये परिषदेच्या संशोधनपत्रिकेत छापून आला आणि कुणालाही वाचता येतो. त्यात सांगितलंय ते सरळ आहे: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी फेका. दुसरा कुठलाही रस त्यात मिसळू नका. प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थपणा वाटला तर ताबडतोब रुग्णालय गाठा. या विषावर उतारा नाही. रक्ताची उलटी होते, रक्तदाब कोसळतो, आणि डॉक्टरांच्या हातात सलाइन व लक्षणांवरचे उपचार एवढंच उरतं.

आता मेसेज काय सांगतो? दुधीत कारलं घाला, वर आवळा आणि आलं. म्हणजे धोक्याची एकमेव खूण, तो कडूपणा, झाकून टाका! भाजीत कडू दुधी पहिल्याच घासाला कळतो आणि ताट बाजूला सरकतं. रस मात्र ‘औषध कडूच असतं’ म्हणत ग्लासभर एका दमात घशाखाली जातो. फरक एवढाच आहे, पण तोच जीव घेतो.

राजम्याचं म्हणाल तर त्यातलं लेक्टिन, म्हणजे पोट बिघडवणारं एक प्रथिन, हा काही सोशल मीडियावरचा बागुलबुवा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुस्तिकेत आकडे आहेत: कच्च्या लाल राजम्यात या लेक्टिनची 20,000 ते 70,000 एककं, पूर्ण शिजवलेल्यात 200 ते 400. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा पुरतात. एक ते तीन तासांत उलट्या, मग जुलाब. मोड आणल्याने ते खात्रीने जात नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात कुकरला बोटचेपा मऊ होईपर्यंत शिजवा. कुकर नसेल तर खळखळ उकळी किमान अर्धा तास. मंद आचेवर 80 अंशांखाली तासन्‌तास ठेवलेला राजमा कच्च्याहून जास्त त्रास देऊ शकतो, हेही त्याच पुस्तिकेत आहे.

मूग-मटकीत हा प्रश्न नाही. तिथे प्रश्न जंतूंचा. ओल आणि ऊब मोडांना लागते तशी जंतूंनाही लागते. 2011 साली जर्मनीत ई. कोलाय या जंतूच्या साथीत 50हून अधिक माणसं दगावली, हजारो आजारी पडली, आणि माग निघाला तो मेथीच्या मोडांपर्यंत. बियांच्या भेगांत बसलेले जंतू नळाखाली धुऊन जात नाहीत. पाच-सात मिनिटं वाफवा. वयस्कर माणसं, गरोदर बाया आणि लहान मुलांनी कच्चे मोड खाऊच नयेत.

कच्चं खाणारे म्हणतात, ‘शिजवलं की एन्झाइम मरतात.’ मरतात, बरोबर. पण ती झाडाची एन्झाइम, झाडाच्या कामाची. ती प्रथिनंच असल्यामुळे जठरातल्या आम्लात त्यांचाही तसाच चुरा होतो. या कच्चं खाणाऱ्या पंथात अन्न साधारण 48 अंशांपलीकडे तापवायचं नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात काकडीने जपूनच राहावं.

एक कबूल करायला हवं. उकळून पाणी ओतलं की क जीवनसत्त्व आणि फोलेट कमी होतं, हे खरं. त्यासाठी कोशिंबीर आहे, लिंबू आहे, चैत्रातली आंबेडाळही कच्चीच असते. उलट टोमॅटोतलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य शिजवून, थोड्या तेलासोबतच नीट अंगी लागतं. कच्चं खाऊन वजन उतरतं हेही खरं, कधी कधी नको इतकं. जर्मनीतल्या गीसेनला कच्चं खाणाऱ्या 513 जणांची पाहणी 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या 45 वर्षांखालच्या सुमारे 30 टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती.

त्यांचं आणखी एक म्हणणं, ‘कुठलाही प्राणी अन्न शिजवत नाही.’ काजू सहा तास भिजवून मिक्सरमध्ये चीज तरी कुठला प्राणी करतो?

बी12 मात्र सगळ्याच व्हीगन मंडळींचा प्रश्न आहे, शिजवून खाणाऱ्यांचाही. न धुतलेल्या भाजीतून भरवशाचं मिळतं ते जंत आणि जुलाब. स्पिरुलिनातलं बी12 बहुतांशी नकली, शरीराला न वापरता येणारं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला ‘मला तर काहीच झालं नाही’ असं वाटतं. मग तळपायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा. भरपूर पालेभाज्यांतल्या फोलेटमुळे रक्ताची तपासणी ठीक दिसू शकते आणि आतल्या आत नसा खराब होत राहतात. रोज 10 मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला 2,000 मायक्रोग्रॅमची गोळी, एवढा साधा उपाय आहे.

राहिल्या मधुमेहाच्या गोळ्या. भात-पोळी सुटली की साखर उतरते, म्हणून काहींचा डोस खरंच कमी करावा लागतो. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी तेवढीच चालू ठेवून नुसत्या सॅलडवर राहिलात तर साखर धोकादायक खाली जाते. टाइप 1 मधुमेहाच्या माणसाने इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांत अतिदक्षता विभाग. त्यामुळे आहार बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा, पहिले काही आठवडे घरी साखर मोजून लिहून ठेवा, आणि डोस त्यांना ठरवू द्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल तर बी12ची तपासणी त्याच वेळी करून घ्या, कारण ती गोळीही बी12 कमी करते.