निवांत सुट्टीची धावपळ

इटलीत शेतावरच्या घरात आठवडाभर निवांत राहायचं, ही कल्पना बहुधा एका फोटोतून उगवते. टस्कनीतली टेकडी, दगडी घर, आसपास चिटपाखरू नाही. माझं म्हणणं एवढंच, की पोरं लहान असतील तर त्या नसलेल्या चिटपाखराचा आधी विचार करा. ते नाही, म्हणजे दुकान नाही, औषधवाला नाही आणि बस तर नाहीच नाही.

म्हणजे भाड्याची गाडी आली. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच आरटीओतून काढायचा. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं, बायकोचं दाखवून सहसा भागत नाही. दीड मीटरपेक्षा बुटक्या प्रत्येक पोराला उंची-वजनानुसार वेगळं आसन सक्तीचं. शिवाय चार वर्षांखालचं पोर गाडीत विसरलं तर बोंब मारणारं यंत्रही लागतं, २०१९ पासून. पोर स्वतः हे काम फुकटात करतं, पण कायदा ते धरत नाही.

जुलै-ऑगस्टात बुकिंग बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवार. पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि दुसऱ्या दिवशी रविवार! खेड्यातली दुकानं तेव्हा बंद, नाहीतर दुपारपर्यंतच. म्हणून वाटेतल्या मोठ्या सुपरमार्केटातून दूध, अंडी, फळं आणि तांदूळ उचलायचेच. रिसोत्तो या इटालियन मऊ भाताचा आर्बोरिओ तांदूळ घ्या, पाणी सढळ घातलं की झकास गुरगुट्या भात होतो. त्यावर घालायला मेतकूट घरून न्या. तूप मात्र नाही, कारण बाहेरचे दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. हे आजीला कोण सांगणार, ते घरात आधीच ठरवा.

हा भात चैन नव्हे, गरज आहे. खानावळी रात्री साडेसाताच्या आत क्वचितच उघडतात आणि पोरांना भूक सहाला लागते. शेतावर जेवण मिळत असेल तर मुलांचा टोमॅटो-पास्ता लवकर मिळेल का, ते बुकिंग करतानाच विचारा. शाकाहाऱ्यांनी परमेजान चीज नको म्हणून सांगावं, त्यात वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं.

शेळ्या-गाढवांचीही चौकशी करा. कायद्याने मालकाचा मुख्य धंदा शेतीच असावा लागतो, पण ती शेती नुसती द्राक्षं-ऑलिव्हची असू शकते, आणि पाच वर्षांचं पोर वेलींकडे किती वेळ बघणार? पोहण्याचा तलाव कधीपासून उघडतो आणि त्याला कुंपण आहे का, हे लेखी घ्या. फोटोत कुंपण वाईट दिसतं, म्हणून ते फोटोत नसतं. कधीकधी तलावालाही नसतं.

दिवसाला एकच ठिकाण, तेही दुपारच्या झोपेआधी. फ्लॉरेन्सला गेलात तर गाडी बाहेर लावून ट्रामने आत जा. जुन्या भागात खास प्रवेश-परवानगीशिवाय गाडी नेली की कॅमेरा नंबर टिपतो, आणि चुकून दोन दिवस शिरलात तर दंडही दोन. तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचे पैसे गाडीवाली कंपनी वेगळे कापते. परदेशी पत्त्यावर नोटीस पाठवायला ३६० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे ती पुढच्या निवांत सुट्टीचं बुकिंग चालू असतानाही येऊ शकते.