‘गार्ड काढा, लक्ष ठेवा’ हा सल्ला बोटांवर बेतणारा आहे

घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो. त्याचा सारांश असा: टेबल सॉवरचं (टेबलातून गोल ब्लेड वर येणाऱ्या करवतीवरचं) गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, आणि रायव्हिंग नाइफ, म्हणजे ब्लेडमागची पट्टी, कंपन्यांनी कायद्याच्या भीतीने लावलेले असतात. त्यांच्यामुळे कापाची रेषा दिसत नाही, लाकूड अडकतं आणि उलट त्या अडकण्यानेच अपघात होतात. जाणते कारागीर दोन्ही काढून ठेवतात. ब्लेड कमी उंच ठेवा, हातमोजे घाला, लाकूड घट्ट धरा, कामावर लक्ष ठेवा, काही होत नाही. नुकताच सॉ घेतलेला माणूस हे ऐकतो आणि पहिल्याच दिवशी पाना घेऊन बसतो. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासून पाहू.

‘लक्ष असलं की काही होत नाही.’

बाकीचा सगळा सल्ला याच वाक्यावर उभा आहे, तेव्हा आधी हेच. 10 इंची ब्लेड मिनिटाला साधारण 4,000 फेरे घेतं. दाताच्या टोकाचा वेग निघतो सेकंदाला सुमारे 53 मीटर, म्हणजे ताशी 190 किलोमीटर. काहीतरी बिघडलंय हे दिसून हात हलायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात ब्लेडचे 13 फेरे होतात. ब्लेडला 40 दात असतील, तर पाचशेहून जास्त दात त्याच जागेवरून गेलेले असतात. मन कितीही एकाग्र असलं तरी हे गणित बदलत नाही.

आता किकबॅक, म्हणजे फळी उलटी अंगावर येणं, कसा होतो ते पाहा. ब्लेडच्या आपल्याकडच्या बाजूचे दात खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागच्या बाजूचे दात मात्र टेबलातून वर येतात आणि माथ्यावरून आपल्या दिशेने धावतात. फळी या मागच्या दातांना लागली की ती उचलली जाते, ब्लेडवर चढते आणि अंगावर फेकली जाते. फळी तिथे लागण्याची कारणं अनेक. ती फेन्सपासून, म्हणजे ब्लेडला समांतर लावलेल्या सरळ आधारपट्टीपासून, जराशी सुटते. फेन्स मागच्या टोकाला ब्लेडकडे झुकलेली असते, त्यामुळे फळी चिमटते. आडवा काप घेताना मायटर गेज (फळी आडवी धरून ढकलायचा सरकता आधार) आणि फेन्स दोन्ही एकदम वापरले, तर कापलेला तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये अडकून तिरका होतो. (लांबी ठरवण्यासाठी फेन्स वापरायचीच असेल, तर तिच्यावर ब्लेडच्या बरंच अलीकडे एक ठोकळा क्लॅम्प करा. काप सुरू होण्याआधीच फळीचं टोक त्या ठोकळ्याला सोडून पुढे गेलेलं असलं पाहिजे.)

ही कारणं निदान डोळ्यांना दिसतात. चौथं दिसत नाही. झाड वाढताना आणि लाकूड सुकताना त्याच्या आत ताण साठतो. फळी उभी चिरली की तो मोकळा होतो. कधी दोन्ही भाग फाकतात, तर कधी मागची फट मिटत जाते आणि ब्लेडला चिमटा बसतो. फळी सरळ होती, रंधा मारून गुनियात आणलेली होती, फेन्स समांतर होती, माणूस सावध होता, तरीही. बिघाड लाकडाच्या आत असेल तर लक्ष ठेवणार कुठे? रायव्हिंग नाइफ नेमका यासाठी असतो. ब्लेडच्या लगेच मागे उभी असलेली, ब्लेडसोबत वरखाली आणि तिरकी होणारी ही पोलादी पट्टी फट मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दातांपर्यंत पोहोचू देत नाही. तिचं काम आपल्या प्रतिक्रियेच्या वेगावर अवलंबून नाही, हाच तिचा सगळा मोठेपणा.

‘लाकूड घट्ट धरलं की किकबॅक होत नाही.’

फळी दाताच्या निम्म्या वेगाने सुटली, तरी ती एक मीटर अंतर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात कापते. पकड आवळायला वेळच मिळत नाही. उलट घट्ट धरण्याने धोका वाढतो. हाताचा सगळा जोर पुढे चाललेला असतो, फळी क्षणात हाताखालून निघून जाते आणि हात त्याच जोराने ब्लेडवर जातो. फळी गर्रकन फिरली, तर ती हातालाही सोबत ओढून नेते. ब्लेडच्या पलीकडे हात घालून फळी ओढून घेणाऱ्यांचं तर फारच वाईट होतं, कारण फळी मागे येताना हात दातांच्या वाटेवरच असतो. किकबॅक म्हणजे फक्त पोटाला फळी लागणं असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार 2015 या एका वर्षात टेबल सॉने जखमी होऊन तिथल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत सुमारे 33,400 जण आले. त्यांतल्या सुमारे 30,800 जणांना प्रत्यक्ष ब्लेड लागलं होतं आणि सुमारे 4,700 जखमांमध्ये अवयव तुटला होता. बहुतेक जखमा बोटांच्या. एवढी माणसं फक्त बेसावध होती म्हणून जखमी झाली, हे मला पटत नाही.

घट्ट धरण्याऐवजी नीट ढकला. टाच असलेला पुश ब्लॉक घ्या. तो फळीला पुढे नेताना खालीही दाबतो. नुसत्या टोकाने ढकलणाऱ्या पुश स्टिकला ते तितकंसं जमत नाही. आणि उभं राहायचं ते कापाच्या रेषेपासून बाजूला.

‘गार्डमुळे कापाची रेषा दिसत नाही.’

हा मुद्दा ऐकायला सगळ्यात व्यवहारी वाटतो, पण तो दुसऱ्याच हत्याराचा आहे. जिगसॉ किंवा हातकरवत रेषेवरून चालवतात. टेबल सॉवर कापाची जागा फेन्स ठरवते. फेन्सकडे झुकलेल्या दातापासून फेन्सपर्यंतचं अंतर सॉ बंद असताना मोजलं की रेषेचं काम संपलं. चालू काप घेताना नजर हवी ती फळी फेन्सला टेकून चालली आहे ना, यावर. आडव्या कापासाठी क्रॉसकट स्लेडच्या (फळी ठेवून ब्लेडवरून सरकवायच्या पाटाच्या) तळातली चीरच खूण दाखवते. काप चालू असताना ब्लेडकडे वाकून रेषा शोधावी लागत असेल, तर मांडणीच अपुरी आहे.

‘नाइफमध्ये लाकूड अडकतं.’

यात तथ्य आहे. अडकतं. पण का अडकतं ते न पाहता नाइफ काढणं म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फोडणं.

पहिलं कारण जाडीचं. नाइफ ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांनी पाडलेल्या फटीपेक्षा पातळ असावा लागतो. सॉसोबत आलेलं ब्लेड बदलून पातळ कापाचं ब्लेड लावलं आणि नाइफ जुनाच ठेवला, तर लाकूड अडणारच. जाडी बहुधा नाइफवर कोरलेली असते. ती ब्लेडवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. दुसरं कारण सरळपणाचं. प्लग काढून ब्लेडला आणि नाइफला एक सरळ पट्टी टेकवा, दोन्ही बाजूंनी. नाइफ ब्लेडच्या रेषेबाहेर असेल तर स्क्रू ढिले करून सरकवता येतो. ब्लेड आणि नाइफ यांच्यातलं अंतर टेबलाच्या पातळीला 8 मिमीच्या आत ठेवा. तो फार मागे राहिला, तर मधल्या जागेत फळीला दातांवर चढायला वाव मिळतो.

आणि हे दोन्ही ठीक असूनही फळी नाइफला आवळत असेल, तर फट मिटते आहे. नाइफ नसता तर तोच चिमटा ब्लेडला बसला असता. अशा वेळी जोर लावू नका. फळी जागेवर धरून ठेवा, सॉ बंद करा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, फटीत एक बारीक पाचर मारा आणि फळी मागे घेऊन मग पुन्हा काप सुरू करा.

‘ब्लेड कमी उंच ठेवा, हातमोजे घाला.’

ब्लेड जेमतेम फळीबाहेर येईल इतकं खाली ठेवलं, तर दातांचा रेटा फळीला खाली दाबण्यापेक्षा आपल्याकडे ढकलण्यात जास्त जातो. दातांमधल्या खाचा फळीच्या वर दिसतील इतकी उंची ठेवा, म्हणजे भुसाही बाहेर पडतो. हातमोजे नकोतच. बोट निसटतं घासून गेलं असतं, तिथे मोज्याचा धागा दातात अडकून अख्खा हात आत जातो.

‘जाणते कारागीर गार्ड वापरत नाहीत.’

काही जण वापरत नाहीत, हे खरं आहे. पण ज्यांची बोटं गेली ते सल्ला द्यायला क्वचितच पुढे येतात, आणि शिकवणारे बऱ्याचदा काप नीट दिसावा म्हणून चित्रीकरणापुरतं गार्ड काढतात. शिवाय काही कापांना ते काढावंच लागतं: खाच पाडताना, स्लेड वापरताना. त्या वेळी रायव्हिंग नाइफ मात्र ब्लेडच्या माथ्याच्या किंचित खाली बसवून ठेवता येतो, त्यामुळे तो तसाच राहू द्या. रुंद खाचेसाठी डॅडो ब्लेड लावताना नाइफही काढावा लागतो. मग नेहमीचं ब्लेड परत लावताना त्याच बैठकीत नाइफही लावा, ‘नंतर लावू’ नको. अरुंद पट्ट्या काढताना गार्ड आड येतं म्हणणाऱ्यांनी पट्टी फेन्सच्या बाजूला न ठेवता ब्लेडच्या मोकळ्या बाजूला पडू द्यावी. रुंद भाग फेन्सकडे राहतो आणि हातालाही जागा मिळते.

‘ब्लेड आपोआप थांबवणारा सॉ घेतला की गार्ड नको.’

स्टीफन गॅस यांनी 1999 मध्ये शोधलेली ही यंत्रणा खरोखर चांगली आहे. बोट लागताच ब्लेडमधल्या विद्युत संकेतात बदल होतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि ब्लेड सुमारे 5 मिलिसेकंदांत थांबतं. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावी. पण ती किकबॅक थांबवत नाही. अंगावर येणारी फळी तिला कळतच नाही. तिथे काम नाइफचंच.

राहिला प्रश्न जुन्या सॉचा, ज्याला नाइफ बसवायची सोयच नाही. तिथे प्लायवूडची नवी झिरो क्लिअरन्स प्लेट (ब्लेडभोवती मोकळी जागा न ठेवणारी, टेबलातल्या तोंडावर बसणारी पट्टी) करा. ती फेन्सने वरून पक्की दाबून, ब्लेड तिच्यातून हळूहळू वर काढलं की नेमक्या मापाची चीर पडते. त्यानंतर प्लग काढा, चिरेच्या सरळ रेषेत मागे कठीण लाकडाची पातळ पट्टी उभी घट्ट बसवा आणि ती ब्लेडच्या फटीपेक्षा तसूभरही जाड नाही याची खात्री करा. अशी पट्टी ब्लेडसोबत वरखाली होत नाही, खाचेच्या कामाला प्लेट बदलावी लागते. पण फट उघडी ठेवण्याचं काम ती करते, आणि त्यासाठी लागतो तो प्लायवूडचा एक तुकडा आणि एक दुपार.