शिकाऊ उमेदवारानं वर्ष कसं काढावं

पहिल्या दिवशी स्टोअरमधून सेफ्टी शूज मिळतात. तुझा पाय सातचा असेल तर नऊचे मिळतील, नऊचा असेल तर सातचे. यावरून भांडू नकोस. स्टोअरकीपरला तुझा पाय ठाऊक नसतो, शिल्लक साठा ठाऊक असतो. वर्षभर तुझी सगळी मापं याच पद्धतीनं घेतली जाणार आहेत, सवय लागलेली बरी.

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत वर्षभर अप्रेंटिस होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनीलाही माझं नाव माहीत नव्हतं, तेव्हा फिट्टंफाट. मला सगळे ‘डिप्लोमा’ म्हणायचे आणि शेजारच्या पोराला ‘आयटीआय’. ‘ए डिप्लोमा, आयटीआयला घेऊन जा आणि ट्रॉली ढकला’ असं म्हटलं की दोन सर्टिफिकिटं ट्रॉली ढकलायची.

आता मन लावून कायदा वाच. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१. त्याचं कलम १८ म्हणतं की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. हे वाक्य पाठ करून ठेव, कारण ते कधी खरं धरायचं याचं एक वेळापत्रक असतं. दिवाळीचा बोनस निघाला, पगारवाढीचा करार झाला, रजेचा विषय आला की ते खरं. त्या वेळी तू विद्यार्थी. सकाळी सातला लाइन सुरू झाली की साडेतीनपर्यंत ते वाक्य लॉकरमध्ये.

त्याच कायद्यात कलम १५ आहे. शिकाऊ उमेदवारी सल्लागार म्हणून सरकारी अधिकारी असतो, त्याच्या मंजुरीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम करू द्यायचा नाही, आणि तो ओव्हरटाइम प्रशिक्षणाच्या किंवा जनतेच्या हिताचा आहे अशी खात्री पटल्याशिवाय सल्लागारानंही मंजुरी द्यायची नाही. वाचून ऊर भरून येतो. आमच्याकडे महिनाअखेरीस डिस्पॅच अडकला की जनतेचं हित आपोआप सुरू व्हायचं. सुपरवायझर खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, ‘थांब रे डिप्लोमा, शिकायला मिळेल.’ रात्री अकरापर्यंत मी खोक्यांना चिकटपट्टी लावायला शिकलो. इंग्रजी एच आकाराची लावायची असते. हे मला तीन वर्षांच्या डिप्लोमात कुणी सांगितलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

पैशांचं म्हणशील तर २०१९च्या नियमांनी डिप्लोमावाल्याला महिना किमान आठ हजार ठरवले होते. त्यातले निम्मे केंद्र सरकार भरतं. म्हणजे कंपनीला मी चार हजाराला पडत होतो. हा आकडा नीट लक्षात ठेव, कारण आता मी तुला सेन्सरची गोष्ट सांगणार आहे.

आमच्या लाइनवर एक पोका-योके होतं. जपानी शब्द आहे, चुकून झालेली चूक पुढं जाऊ न देणारी योजना. ब्रॅकेटमध्ये बुश, म्हणजे भोकातली छोटी नळी, बसलं नसेल तर सेन्सरला कळायचं, दिवा लाल व्हायचा, जॉब पुढं सरकायचा नाही. शिगेओ शिंगो नावाच्या अभियंत्याच्या नावावर ही कल्पना आहे. तिला आधी ‘बाका-योके’ म्हणत, म्हणजे मूर्ख माणसापासून संरक्षण. कामगारांना ते लागलं म्हणून त्यांनी शब्द बदलला. जपानी लोक फार हळवे.

तर तो सेन्सर जुलैमध्ये बिघडला. नवा मागवायचा तर मेंटेनन्सनं इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, टाकायचं, पर्चेसनं तीन कोटेशनं घ्यायची, फायनान्सनं ‘या तिमाहीत बजेट नाही’ म्हणायचं. सेन्सरला सरकार अनुदान देत नाही. अप्रेंटिसला देतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सरच्या जागी एक स्टूल आलं आणि स्टुलावर मी.

चार महिने मी सेन्सर होतो. नग आला की बुश आहे का बघायचं, माप बरोबर की चूक एवढंच सांगणारं गो-नो गो गेज घालून बघायचं, हिरव्या मार्करनं ठिपका द्यायचा. शिफ्टला आठशेच्या आसपास नग. पहिला आठवडा मी अभियंत्यासारखं बघत होतो. दुसऱ्या आठवड्यात क्रिकेट आठवत बघत होतो. महिन्याभरात अशी पायरी येते की डोळे उघडे असतात, हात ठिपके देत असतो आणि आत कुणीच नसतं. योगी लोक यासाठी हिमालयात जातात. मला चाकणच्या एमआयडीसीत मिळालं, वर आठ हजार.

चाकणला पोचण्याचं तेवढं बघ. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेसमोर इथला संग्रामदुर्ग जवळपास दोन महिने लढवला, हे शाळेत शिकलो होतो. तळेगाव चौकात कंपनीच्या बसमध्ये अडकल्यावर मला वेगळंच कौतुक वाटायचं. एवढा लवाजमा घेऊन खान चौक ओलांडून किल्ल्यापर्यंत आलाच कसा?

लॉगबुकाची काळजी करू नकोस. ते आधीच लिहिलेलं असतं. गेल्या वर्षीच्या अप्रेंटिसचं मिळव आणि तारखा बदल. मला मिळालेल्या वहीत ऑगस्टच्या पानावर ‘मिलिंग मशीनचा सखोल अभ्यास केला’ असं होतं. आमच्या खात्यात मिलिंग मशीन नव्हतं. त्यानंही कुणाचं तरी उतरवलं असणार. मीही तेच लिहिलं, साहेबांनी सही केली, कॉलेजच्या सरांनी ‘गुड’ असा शेरा दिला. ते मशीन पिढ्यान्‌पिढ्या तिथं चालू आहे.

ऑडिटच्या आधी मात्र खरं शिक्षण होतं. फाइव्ह एस म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत, तिचे पाच जपानी शब्द भिंतीवर असतात. त्यातला तिसरा सेइसो, म्हणजे साफसफाई. बाकीचे चार इतरांनी वाटून घेतले, तिसऱ्यात मला तज्ज्ञ केलं. फडकं, रॉकेल आणि मशीनखालचा तीन वर्षांचा कूलंट. मग स्किल मॅट्रिक्सचा फलक आला. त्यावर प्रत्येकाच्या नावापुढं एक वर्तुळ असतं, जितकं कौशल्य तितकं काळं भरायचं. संध्याकाळी माझं पाव भरलेलं होतं, सकाळी पाऊण. चंद्रालासुद्धा एवढं वाढायला दिवस लागतात. ऑडिटरनं मला विचारलं, ‘इथं काय करायचं हे तुला कसं कळतं?’ उत्तर पढवलेलं होतं. तोंड उघडायचं नाही, वर लटकवलेल्या वर्क इन्स्ट्रक्शनकडं बोट करायचं. मी केलं. तो खूश होऊन पुढं गेला. त्या कागदावर सेन्सरचा फोटो होता.

खंडेनवमीला मशीनची पूजा होते. प्रत्येक मशीनला झेंडूचा हार, नारळ, हळदीकुंकू. बंद सेन्सरलाही कुणीतरी आठवणीनं फूल वाहिलं. माझ्या स्टुलाला नाही. पर्मनंटवाल्यांना मिठाईचा किलोचा पुडा, कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना अर्ध्याचा. अप्रेंटिसची यादी एचआरकडून यायची राहिली होती. टेम्पोतून पुडे उतरवायच्या यादीत मात्र नावं बरोबर होती.

एक धोका सांगायला हवा. कधी कधी चुकून काही शिकायला मिळतं, त्यापासून जप. माझ्या बाबतीत हे नाइट शिफ्टला झालं. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, एक मामा होते, रिटायरमेंटला आलेले. पहाटे तीनच्या चहानंतर त्यांनी मला स्टुलावरून उठवलं आणि मशीनसमोर उभं केलं. म्हणाले, ‘बघू नको. डोळे मीट. ऐक.’ मला नुसता आवाज ऐकू येत होता. ‘आता?’ तोच आवाज. ‘आता?’ आणि त्या वेळी कुठंतरी एक बारीक किरकिर लागली, पाटीवर नख ओढावं तशी, अगदी लांबून. मामांनी मशीन थांबवलं, इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारा धारेचा तुकडा, काढून माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता. धारेचा एक कण उडाला होता, नखानं चाचपला तेव्हा लागला. ‘अजून वीस नगांनी साइज गेली असती. तुझं गेज वीस नग गेल्यावर सांगतं, पोरा.’

पुढच्या आठ रात्री मी ठिपके देता देता कान तिकडं लावून होतो. दोनदा मामांच्या आधी ओळखलं. एकदा मी चुकलो, तेव्हा ते हसले नाहीत, मशीन थांबवून इन्सर्ट दाखवला, बस. याच नादात माझ्याकडून बुश नसलेला एक नग पुढं गेला. सकाळी रिजेक्शनच्या मीटिंगमध्ये माझं नाव पहिल्यांदा पूर्ण घेतलं गेलं, आडनावासकट. मला जनरल शिफ्टला टाकलं. मामांची आणि माझी वेळ पुन्हा जुळली नाही. म्हणून म्हणतो, जप.

नोकरीचं विचारतोस? कायद्याचं कलम २२ सांगतं की अप्रेंटिसला नोकरीवर घेण्याबद्दल मालकानं स्वतःचं धोरण ठरवावं. आमच्या कंपनीचं धोरण ठरलेलं होतं. दर वर्षी नवे अप्रेंटिस घ्यायचे.

शेवटच्या दिवशी क्लिअरन्सचा फॉर्म मिळतो. लायब्ररीची सही आणायची असते. आमच्याकडे लायब्ररी नव्हती, तरी सही मिळाली. आयकार्ड, लॉकरची किल्ली, शूज जमा करायचे. मी चपला घालून स्टोअरच्या खिडकीशी उभा होतो, तेव्हा मागं एक पोरगं आलं, कोऱ्या फायलीसकट. स्टोअरकीपरनं माझेच शूज फडक्यानं पुसून त्याच्यापुढं सरकवले. नऊ नंबर. त्यानं पाय घालून पाहिला, टाच बोटभर मागं उरली. माझ्याकडं वळून म्हणाला, ‘सर, मोठे होतायत.’

वर्षभरात मला पहिल्यांदाच कुणी सर म्हटलं. मी त्याला सांगितलं, पुढं कॉटन वेस्ट कोंबायचं, दोन मुठी. स्टोअरच्या मागच्या पिंपात असतं. विचारून घेऊ नकोस, विचारलं की स्लिप मागतात.