बिबट्याच्या सावलीत भेक

‘बिबट्या वाचवला की त्याच्या जंगलातला बेडूक आपोआप वाचतो.’ मुंबईच्या मित्रमंडळींत दर पावसाळ्यात हे वाक्य उगवतं, आणि दर पावसाळ्यात माझं डोकं उठतं.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. तिथला बिबट्या रात्री आरेत उतरतो, भटकं कुत्रं उचलतो, उजाडायच्या आत परततो. धोक्यात आहे खरा, पण जुळवून घेतो. आंबोलीच्या भेकाला, म्हणजे तिथल्या खरखरीत कातडीच्या बेडकाला, ती मुभा नाही. पावसाच्या सुरुवातीला कातळसड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, उथळ डबक्यात अंडी पडतात, आणि डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटावे लागतात. धबधबा बघायला निघालेल्या मुंबईकरानं गाडी सड्यावर चढवली की अख्खी वीण चाकाखाली. बोरिवलीचा बिबट्या त्याला काय पुरा पडणार?

इथे इंग्लंडात तुरेवाल्या न्यूटसाठी, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या, बेडकाच्या नात्यातल्या प्राण्यासाठी, बिल्डर थांबतो. मोजणी मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. दोन लिटरच्या बाटलीचा गळा कापून उलटा आत बसवायचा, काठीच्या आधारानं ती तळ्याकाठी तिरकी रोवायची, वरच्या टोकाला हवा राहिलीच पाहिजे. संध्याकाळी लावायची, सकाळी ऊन तापायच्या आत उचलायची. काठी सैल बसली की बाटली आडवी होते, हवा निसटते, न्यूट गुदमरतो. बिबट्या ठिपक्यांवरून ओळखायचा तर त्याच्या दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लागतात. न्यूटच्या नारिंगी पोटाचा एक फोटो पुरतो.

अर्थात इथेही पारडं सस्तन प्राण्याकडेच झुकतं. बकिंगहॅमशायरमध्ये एचएस-टू या वेगवान रेल्वेच्या रुळांवर वटवाघळांसाठी दहा कोटी पौंडांहून महाग छत. न्यूटच्या वाट्याला काय, तर बिल्डर पैसे भरतो आणि तळं दुसरीकडे खणलं जातं. बोरिस जॉन्सन तर पंतप्रधान असताना, २०२० मध्ये, न्यूट मोजण्यालाच दिरंगाई म्हणाले होते. मुंबईकरांशी वाद घालताना हा परिच्छेद मी गाळतो.

आंबोलीत तळं खणून भागणारही नाही. भेकाला सड्यावरचं उथळ पाणीच हवं. रस्त्याच्या कडेनं जांभ्या दगडांची गुडघाभर रांग, दोन दगडांत चाक जाणार नाही इतकंच अंतर, पाणी मात्र वाहतं राहील. मे संपायच्या आत रचली पाहिजे. मी गणपतीला येतो, तोवर डबकी रिकामी झालेली असतात.