तीन सह्यांची बाई

विद्यापीठात माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. ‘इंटर्नशिपच्या मॅडम कुठे बसतात?’ असं विचारलं की लोक कॉरिडॉरच्या टोकाकडे हात करतात. तिथे झेरॉक्स मशीन आणि जिना यांच्या मधल्या जागेत माझं टेबल आहे. टेबलावर एक कॉम्प्युटर, दोन फोन आणि त्रिपक्षीय करारांचा गठ्ठा. फोन दोन असले तरी बातमी एकच येते: सही राहिली.

विद्यार्थ्याला एखाद्या कंपनीत काम शिकायला पाठवायचं, तर करारावर तीन सह्या लागतात. विद्यार्थी, कंपनी आणि विद्यापीठ. कंपनीचा एचआर म्हणतो, ‘आधी तुमचा शिक्का येऊ दे, मग आमचं लीगल बघेल.’ आमचे साहेब म्हणतात, ‘आधी त्यांची सही येऊ दे. उद्या काही झालं तर?’ विद्यार्थी तेवढा तयार असतो. तो फक्त विचारतो, ‘मॅम, सही म्हणजे पूर्ण नाव लिहायचं का?’

एकदा एक करार दोघांकडे मिळून चार फेऱ्या मारून आला. कंपनीचा शिक्का चौथ्या पानावर होता, आम्हाला हवा होता पाचव्या. पाचवं पान म्हणजे विम्याचं कलम: कामावर असताना पोराला काही लागलं-खुपलं तर खर्च कुणाचा. नेमकं तेच पान कोरं. आता खरं सांगायचं तर हे कलम हवंच. मी स्वतः जागा बघायला जाते तेव्हा उघड्या वायरी आणि बंद केलेलं आपत्कालीन दार बघून माझीच छाती धडधडते. कागद वाईट नाही. तो हातात घेऊन पळणारं माणूस एकच आहे, एवढीच माझी तक्रार.

ही पीडा आजकालची, असं मला वाटायचं. मग हर्मन श्नायडरची गोष्ट वाचनात आली. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली त्यांनी इंजिनिअरिंगची २७ मुलं घेऊन प्रयोग सुरू केला. मुलगा एक आठवडा वर्गात, पुढचा आठवडा कारखान्यात. मुलांच्या जोड्या लावलेल्या, त्यामुळे एक वर्गात गेला की दुसरा त्याच्या जागी मशीनवर. कारखान्याचं काम अडत नाही, मुलाचं शिक्षण अडत नाही. इतकी झकास कल्पना. विश्वस्त मंडळाने परवानगी दिली ती एका वर्षापुरती, आणि वर लिहून ठेवलं की हे फसलं तर जबाबदारी आमची नाही. वाचून मला भरून आलं. सव्वाशे वर्षं होत आली, मशिनं बदलली, कारखाने बदलले. ‘उद्या काही झालं तर’ मात्र जसंच्या तसं!

पोरं एकदाची कामावर रुजू झाली की सुरू होतात लॉगबुकं. रोज काय केलं, काय शिकलो, हे त्याच दिवशी लिहायचं असतं. माझ्याकडे येतात ती आठ आठवड्यांची वही, एकाच पेनाने, एकाच रात्री लिहिलेली. शाई संपत आल्याची खूणही शेवटच्या पानांवर बरोबर दिसते. मागे एका वहीत सलग एकोणचाळीस दिवस ‘आज खूप काही शिकायला मिळाले’ हे एकच वाक्य होतं. चाळिसाव्या दिवशी लिहिलं होतं, ‘आज कंपनीला सुट्टी होती. खूप काही शिकायला मिळाले.’ खाली सुपरवायझरची सही. सुट्टीच्या दिवशीची!

ती वही मी जपून ठेवली आहे. तिच्या शेजारी आणखी एक वही आहे, एका अबोल मुलीची. तिने तिसऱ्या आठवड्यात लिहिलं होतं, ‘आज मीटिंगमध्ये पहिल्यांदा म्हणाले की मला हे येत नाही. कुणी रागावलं नाही. शेजारच्या ताईने शिकवलं.’ बस. नोकरी मिळणं वेगळं आणि नोकरीत टिकण्याजोगं होणं वेगळं. ज्याला आम्ही एम्प्लॉयबिलिटी म्हणतो ती या तीन ओळींत आहे. पण वार्षिक अहवालाच्या तक्त्यात या ओळींना रकाना नाही. तिथे रकाना एकच: किती जणांना ऑफर लेटर? मी साहेबांना ती वही दाखवली. साहेबांनी आपुलकीने वाचली आणि विचारलं, ‘हिला ऑफर आली का?’

गेल्या महिन्यात मात्र नवल घडलं. आमच्यासारख्या लोकांना आधार देण्यासाठी एक दिवसाची कार्यशाळा होती. सकाळी एका तज्ज्ञांनी आम्हाला डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावला. तेवढ्यात सभागृहातले सतरा फोन वाजले. सतराही जणांनी एका हाताने श्वास चालू असल्याचं दाखवत दुसऱ्या हाताने टाईप केलं, ‘बेटा, संध्याकाळी बघते.’

खरी कार्यशाळा झाली ती मधल्या सुट्टीत, जिन्यात. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या मॅडम भेटल्या. त्यांचंही टेबल झेरॉक्सशेजारीच. त्यांनी मोबाईलवर त्यांची एक्सेल शीट उघडली. करार कुणाकडे किती दिवस पडून आहे, ते लाल-हिरव्या रंगात. सातव्या दिवशी आपोआप जाणारं आठवणीचं पत्र, इतकं गोड की वाचणाऱ्याला लाज वाटावी. जागा बघायला जाताना विचारायचे प्रश्न. ज्या मुलाला ऐकू कमी येतं त्याच्यासाठी कंपनीशी आधी काय बोलून ठेवायचं, तेही. ‘पाठवू का सगळं?’ त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत मला कुणी न मागता काही पाठवलं नव्हतं. आलेलं प्रत्येक पाकीट सही मागायला आलेलं असतं. मी त्यांना माझी चाळीस दिवसांची वही दाखवली. त्या इतक्या हसल्या की वरून तज्ज्ञ डोकावून गेले.

संध्याकाळी प्रमाणपत्रांचं टेबल लागलं. माझं नाव नीट छापलं होतं. खाली तीन जागा कोऱ्या: सहभागी, आयोजक आणि पाठवणारं विद्यापीठ. मी माझी सही केली. आयोजक म्हणाले, ‘आधी तुमच्या विद्यापीठाची येऊ दे.’

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावला, उलटून मागची बाजू पाहिली, आणि म्हणाले, ‘आयोजकांची सही कुठाय?’

नव्या एक्सेल शीटमध्ये पहिली लाल ओळ माझ्याच नावाची आहे. आज सातवा दिवस. साहेबांना ते गोड पत्र आपोआप जाईलच.