आमचे घर, आमचे डास
पावसाळ्यात महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा कर्मचारी दारात उभा राहिला की आमच्या सोसायटीतील सुशिक्षित मंडळींना नेमका खासगीपणाचा हक्क आठवतो. हक्क मान्य, पण फ्रिजमागच्या ट्रेमध्ये आणि कुंडीखालच्या बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात ८-१० दिवसांत तयार होणारा, डेंग्यू पसरवणारा एडिस डास शेजाऱ्याला चावताना कोणाची परवानगी घेतो? मनीप्लँटच्या बाटलीत अळ्या वळवळत असतात, तरी नोटीस आली की यांचा फोन थेट नगरसेवकाला! वरच्या मजल्यावरील मुलाच्या प्लेटलेट घसरल्या की मात्र हेच गृहस्थ ‘महापालिका झोपली आहे काय?’ अशी गर्जना करून धूरफवारणीची मागणी करणार, जणू त्या धुराने बशीतल्या अळ्याही मरतात!