नवीन ट्रकची तक्रार किरकोळ आहे, हे ठरवायचं कुणी?

नवीन ट्रक घेतलेल्या माणसाने दाराच्या रबरातून वारा शिरतो म्हटलं, डॅशबोर्ड कुरकुरतो म्हटलं, की त्याला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. वर्कशॉपवाला म्हणतो, "नवीन गाडी आहे साहेब, थोडी चालू द्या, सेट होईल." आणि बरोबरीचे मालक म्हणतात, "ट्रक आहे तो, आवाज करणारच. माल वाहायचाय ना?" माणूस खजील होतो आणि पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

मी बरीच वर्षं वर्कशॉपच्या काउंटरवर बसून जॉबकार्ड, म्हणजे गाडीची तक्रार आणि काम नोंदवायची कार्डं, लिहिली आहेत. दोन्ही उत्तरं रोज कानावर पडायची आणि दोन्हींचा मला मनापासून राग येतो. तक्रार बारीक आहे की मोठी, हे तिचं कारण सापडल्यावरच कळतं. कारण शोधायच्या आधीच तिच्यावर 'किरकोळ' असा शिक्का मारणारा माणूस चुकतो, मग तो कंपनीचा इंजिनिअर असो, काउंटरवरचा सुपरवायझर असो, नाहीतर स्वतः मालक.

एका गाडीचं उदाहरण अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. नवा कोरा मल्टी-अॅक्सल ट्रक. तक्रार काय, तर मागचा एक मार्कर दिवा (गाडीची कड दाखवणारा छोटा दिवा) अधूनमधून लुकलुकतो. गाडी उभी असताना दिवा व्यवस्थित. बल्ब बदलला, होल्डर साफ केला, ट्रायल घेतली, काही नाही. कार्डावर 'तक्रार आढळली नाही' लिहून गाडी बाहेर काढायची तयारी चालली होती. ड्रायव्हर मात्र हटून बसला. खड्ड्यात गेल्यावरच होतं, म्हणाला. शेवटी एक फिटर पाठीवर झोपून चेसिसखाली गेला आणि टॉर्च लावून वायरिंगवर हात फिरवत पुढे सरकला. चेसिसच्या आडव्या पट्टीजवळ (क्रॉस मेंबर) हार्नेस, म्हणजे वायरिंगचा जुडगा, धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप बसवलेलीच नव्हती. वायरिंगचा जुडगा लोंबकळून ब्रॅकेटच्या धारेवर घासत होता. बाहेरचं कोरुगेटेड पाइपचं आवरण फाटलेलं, एका वायरीचं इन्सुलेशन खरवडून आतलं तांबं चकाकत होतं. त्याच जुडग्यात बॅटरीकडून येणारी वायरही होती. ती उघडी पडून चेसिसला टेकली असती तर काय झालं असतं, हे जळालेली गाडी पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. क्लिप लावली, वायर बदलली, नवं आवरण चढवलं. एवढंच काम. आणि तक्रार होती दिवा लुकलुकण्याची.

तो ड्रायव्हर हटून बसला नसता तर? हा प्रश्न मला अजून छळतो, कारण बहुतेक जण हटून बसत नाहीत.

आता याहून फार मोठं प्रकरण सांगतो. ट्रकचं नाही, कारचं आहे, पण मुद्दा तोच. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट आणि इतर काही छोट्या गाड्यांत इग्निशन स्विच ढिला होता. किल्लीला गुडघ्याचा धक्का लागला किंवा किल्लीच्या जुडग्याचं वजन जास्त झालं, की किल्ली आपोआप मागे सरकायची आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं. ग्राहकांनी हे अगदी सुरुवातीपासून सांगितलं होतं. कंपनीने त्याची नोंद केली ती ग्राहकांच्या सोयी-गैरसोयीचा विषय म्हणून. सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून त्याकडे पाहिलंच गेलं नाही. 2005 मध्ये डीलरांना सूचना गेली की ग्राहकाला किल्लीच्या जुडग्यातल्या जड वस्तू काढून टाकायला सांगा. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टीअरिंग जातं, ब्रेकची मदत जाते आणि धडक झाली तर एअरबॅग उघडत नाही, ही साखळी जोडून बघायला कंपनीला जवळपास दहा वर्षं लागली. त्यातही 2006 मध्ये स्विचची रचना गुपचूप सुधारली गेली, पण पार्ट नंबर जुनाच ठेवला. त्यामुळे पुढे चौकशी करणारे चक्रावून गेले, जुन्या आणि नव्या गाड्यांतला फरक त्यांना कळेचना. 2014 मध्ये जगभरातल्या सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. नुकसानभरपाईच्या निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले.

किल्ली जरा ढिली वाटते. नव्या गाडीच्या मालकाची याहून किरकोळ तक्रार कोणती असेल?

एकट्याची तक्रार नेहमी क्षुल्लकच दिसते, हेही इथे बोललं पाहिजे. फायरस्टोन टायरच्या प्रकरणात 1998 मध्ये एका विमा कंपनीच्या संशोधकाला 21 दाव्यांत सारखेपणा दिसला. एकाच कंपनीचे टायर, ट्रेड, म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा वरचा थर, सुटून येण्याचा एकच प्रकार. त्याने सरकारी यंत्रणेला कळवलं, पण तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ऑगस्ट 2000 मध्ये 65 लाख टायर परत मागवायची वेळ आली आणि अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने जोडलेल्या मृत्यूंचा आकडा 271 वर गेला. त्यानंतर तिथे 'ट्रेड अॅक्ट' (TREAD) हा वाहनसुरक्षेचा कायदा आला. त्या कायद्याने उत्पादकांना ग्राहकांच्या तक्रारी, वॉरंटीतले दावे, अपघातांची माहिती ठरावीक काळाने सरकारला देणं बंधनकारक केलं. म्हणजे वॉरंटीत बदललेला एखादा छोटा पार्टसुद्धा मोजला जाऊ लागला. ही मोजणी व्हायची तर तक्रार आधी कुठेतरी नोंदली गेली पाहिजे. जाऊ दे म्हणून सोडलेली तक्रार कुणाच्याच हिशोबात येत नाही.

अलीकडचं आणि खऱ्या अर्थाने ट्रकचं उदाहरण हवं असेल तर टेस्लाचा सायबरट्रक घ्या. एप्रिल 2024 मध्ये 3,878 गाड्या परत बोलावल्या, कशासाठी, तर अॅक्सिलरेटर पेडलवरची पट्टी निसटते म्हणून. नुसती शोभेची पट्टी. पण ती सरकून वरच्या ट्रिममध्ये अडकली की पेडल दाबलेलंच राहायचं. आणि कारण? जोडणी करताना पट्टी सहज बसावी म्हणून साबण वापरला गेला होता. हा बदल मंजूर झालेला नव्हता. साबणाचा अंश राहिल्याने पट्टीची पकड कमी झाली. पट्टी जरा हलते असं एखाद्या मालकाने सांगितलं असतं, तर त्याला हसणारे किती निघाले असते, विचार करा.

इतकं सगळं सांगितलं, तरी मालकांची प्रत्येक कुरकुर मला मान्य आहे असं नाही. काही तक्रारी खरोखर तक्रारी नसतातच आणि डिलिव्हरी देताना दहा मिनिटं खर्चून समजावलं असतं तर त्या आल्याच नसत्या. गाडी उभी असताना इंजिनाचे आरपीएम आपोआप वाढतात, पंखा जोरात फिरतो, जळकट वास येतो म्हणून घाबरलेले मालक मी कितीतरी पाहिले. ते डीपीएफचं, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, रिजनरेशन असतं. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्टचं तापमान 600 अंशांच्या आसपास न्यावं लागतं. गाडी तिचं काम करत असते आणि घाबरून मधेच इंजिन बंद केलं तर उलट फिल्टर चोंदायला मदत होते. ब्रेकच्या हवेतला ओलावा काढणाऱ्या एअर ड्रायरचा फुस्स आवाजही तसाच. टाकीत दाब पुरेसा भरला की ड्रायर साठलेला ओलावा बाहेर फेकतो. तो आवाज आला पाहिजे. डीईएफच्या (धूर स्वच्छ करायला वापरायच्या द्रावणाच्या) टाकीच्या झाकणाभोवती पांढरी भुकटी दिसते, ती 32.5 टक्के युरियाच्या द्रावणातलं पाणी उडून उरलेला युरिया असतो. ओल्या फडक्याने पुसा, विषय संपला.

रंगाचं वेगळं आहे. केबिनच्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखा पोत आहे, बंपर आणि पॅनेलमधली फट एका बाजूला जास्त आहे, अशा तक्रारींवर लोक दिवसच्या दिवस भांडतात. भांडा, पैसे मोजलेत, हक्क आहे. पण माझा अनुभव असा की रंगावर भांडून थकलेला मालक आरसा थरथरतो हे सांगायचंच विसरतो. डोळ्यांना दिसतं ते आधी बोललं जातं. थरथरणाऱ्या आरशात मागून येणारा दुचाकीवाला दिसत नाही. तिथे आवाज चढवायला हवा.

यातूनच मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट निघते. बऱ्याच ठिकाणी गाडी ज्याच्या नावावर तो मालक वेगळा आणि ती चालवणारा वेगळा. मालक वर्कशॉपला येतो, रंग बघतो, अॅव्हरेज बघतो. ड्रायव्हर दिवसभर त्या सीटवर असतो. सीट कुरकुरते, सस्पेन्शन नीट बसत नाही, एका बाजूला कल वाटतो, हे त्याला माहीत असतं, पण त्याला विचारतो कोण? सीटचा धक्का ही सुखासीनतेची बाब समजली जाते. प्रत्यक्षात सगळ्या शरीराला बसणारी कंपनं आणि कंबरेचं दुखणं यांचा संबंध इतका मान्य आहे की युरोपीय संघाने 2002 मध्ये त्यावर निर्देशच काढला. आठ तासांच्या कामासाठी कंपनांची कमाल मर्यादा ठरली 1.15 मीटर प्रति सेकंद वर्ग आणि 0.5 च्या पुढे गेलं की नोकरी देणाऱ्याने उपाय करायचे. सीटबद्दल तोंड उघडणाऱ्या ड्रायव्हरला नाजूक म्हणणाऱ्यांनी एक आठवडा त्याच सीटवर बसून दाखवावं. हे मी अगदी गंभीरपणे म्हणतोय.

"सेट होईल" या उत्तराबद्दलही बोलायचंय. काही गोष्टी खरंच सेट होतात. पाटे (सस्पेन्शनच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, रबर थोडं मऊ पडतं. पण सेट होणं म्हणजे काही ठिकाणी ढिलं होणं असतं, हे कुणी सांगत नाही. चाकाचे नट नव्या गाडीत किंवा चाक काढून बसवल्यावर साधारण 80 ते 160 किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे असतात, कारण ड्रम आणि रिमच्या मधला रंगाचा थर दबतो आणि नटाची पकड उतरते. पाट्यांच्या यू-बोल्टचंही तसंच. पहिल्या लोडनंतर पाटे दबले की नट पुन्हा कसावे लागतात. नाही कसले तर अॅक्सल आपल्या जागेवरून सरकू शकतो, मधला सेंटर बोल्ट तुटू शकतो. तेव्हा पुढच्या बाजूने टकटक येते आणि मालक म्हणतो, नवीन गाडीत कसला आवाज हा? त्याला 'सेट होईल' म्हणून परत पाठवणं मला गुन्ह्यासारखं वाटतं. तो आवाज म्हणजेच सेट होण्याचा परिणाम असू शकतो, आणि त्याला पाना लावायला हवा.

वर्कशॉपच्या बाजूनेही एक सांगतो, कारण मी तिथे होतो. 'गाडीत आवाज येतो' एवढंच कार्डावर असेल तर फिटर काय करणार? तो गाडी आवारात एक चक्कर मारून आणतो, रिकामी, सपाट रस्त्यावर, आणि आवाज येत नाही. वर्कशॉपला वॉरंटीच्या कामाचे तास कंपनीकडून ठरवून मिळतात. कारण शोधण्यात गेलेला वेळ बऱ्याचदा कुणीच भरून देत नाही. म्हणून शोधायचं टाळलं जातं. यात फिटरचा दोष मी कमी मानतो, ही पद्धत ज्यांनी बसवली त्यांचा जास्त. पण ही पद्धत बदलेपर्यंत मालकाच्या हातात एक गोष्ट आहे, ती म्हणजे तक्रार अशी सांगणं की शोधावंच लागेल.

लोड असताना की रिकामी? कितव्या गिअरला, किती वेगाला? इंजिन थंड असताना की तापल्यावर? ब्रेक दाबल्यावर येतो की सोडल्यावर, डावीकडे वळताना की खड्ड्यात? फोनवर रेकॉर्ड करता आलं तर करा, पण गाडी चालवताना स्वतः नाही, शेजारी बसलेल्याला सांगा. दिवा लागला असेल तर तो विझायच्या आधी फोटो काढा. आणि मालक असाल तर वर्कशॉपला ड्रायव्हरला बरोबर न्या, त्यालाच बोलू द्या, तुम्ही मधे बोलू नका. ट्रायलला तोच फिटरच्या शेजारी बसला पाहिजे.

कार्डावर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' असं लिहून सही मागितली तर सही करू नका. 'तक्रार आढळली नाही' असा शेरा आला तर तो शेराही छापील प्रतीवर, तारखेसह आणि किलोमीटरसह घ्या. वॉरंटी संपल्यावर तोच आवाज वाढून परत आला तर तो वॉरंटीत सुरू झाला होता, याचा दुसरा पुरावा तुमच्याकडे नसेल. आणि चेसिस नंबर टाकून गाडीवर रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीचं परत बोलावणं, निघालाय का, हे स्वतः तपासा. वापरलेली गाडी घेतली असेल तर जास्तच, कारण रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाऊन पडलेलं असतं.

वर्कशॉपमध्ये बसलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. दिवसाला एक तरी 'किरकोळ' गाडी पिटवर, म्हणजे खालून तपासायच्या खड्ड्यावर, घ्या आणि फिटरला टॉर्च देऊन खाली पाठवा.